पुण्याच्या गच्चीवर चहा: ऊन किती, सावली किती आणि केव्हा?

पुण्यात चहाचे मळे नाहीत. पाऊस जेमतेम सातशे-साडेसातशे मिलिमीटर, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या आसपास आणि जमीन बहुतेक ठिकाणी अल्कधर्मी. तरीही कुंडीत, गच्चीवर किंवा गॅलरीत चहाची दोन-चार झुडपे इथे नक्की वाढवता येतात. त्यासाठी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात, आम्लधर्मी माती आणि उजेड. माती एकदा नीट तयार केली की वर्षभर फारसे पाहावे लागत नाही. उजेड मात्र दर महिन्याला बदलतो, आणि बरेच जण तिकडेच दुर्लक्ष करतात.

उजेडाकडे लक्ष देण्याचे आणखी एक कारण आहे. चहाच्या पानाचा तुरटपणा, गोडवा, रंग आणि वास या सगळ्यांवर उजेडाचा थेट परिणाम होतो. एकाच झुडपाची पाने उन्हात खुडली तर एक चव लागते, दोन आठवडे सावलीत ठेवून खुडली तर वेगळीच. आसामातले मळेवाले आणि जपानातले शेतकरी हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले आहेत. तेच पुण्याच्या उन्हाला लावून कसे वापरायचे, ते या लेखात पाहू.

आधी रोप खरे आहे ना, ते पाहा

चहाचे शास्त्रीय नाव कॅमेलिया सायनेन्सिस. रोप घेताना हे नाव सांगूनच मागा. नर्सऱ्यांमध्ये ‘फुकियन टी’ नावाचे बोन्सायचे झाड सर्रास मिळते. त्याची पाने बारीक, गडद आणि चकचकीत असतात. ते शोभेचे झाड आहे, त्याचा चहाशी काही संबंध नाही. खऱ्या चहाच्या पानाची कड करवतीसारखी दातेरी असते, कोवळ्या कळीवर रुपेरी लव असते आणि हिवाळ्याच्या सुमारास पांढऱ्या पाकळ्यांची, मध्ये पिवळ्या पुंकेसरांचा झुबका असलेली फुले येतात.

चहाचे दोन मुख्य प्रकार आहेत. चिनी प्रकाराची पाने लहान आणि उभट, तर आसामी प्रकाराची मोठी, रुंद आणि आडवी पसरलेली. हा फरक उजेडाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. उभट पानावर दुपारचे ऊन तिरके पडते आणि आत खालच्या पानांपर्यंत पोहोचते. आडवे पान सगळे ऊन स्वतःच झेलते आणि लवकर तापते. पुण्याच्या गच्चीसाठी चिनी, लहान पानांचा प्रकार अधिक सोयीचा. आसामी प्रकार मिळाला तर सावलीची तयारी जास्त ठेवा.

मातीचा सामू साडेचार ते साडेपाचच्या दरम्यान हवा. कोकोपीट, कुजलेला पालापाचोळा, थोडा मुरूम आणि मूठभर निंबोळी पेंड असे मिश्रण चालते. चुना, राख आणि अंड्याची टरफले घालू नका. बोअरचे पाणी क्षारयुक्त असेल तर शक्य तितके पावसाचे पाणी साठवून वापरा. कुंडी बारा ते चौदा इंचांची, फिकट रंगाची आणि पाण्याचा निचरा होणारी असावी.

पान उन्हाचे काय करते?

चहा मूळचा जंगलाच्या सावलीतला. त्यामुळे त्याच्या पानाची ऊन वापरण्याची क्षमता मर्यादित आहे. दुपारच्या पूर्ण उन्हाचा साधारण तिसरा हिस्सा ते निम्मे ऊन मिळाले की एकेका पानातले प्रकाशसंश्लेषण कमाल पातळीला पोहोचते. त्यापुढच्या उन्हाने पानाचे अन्न वाढत नाही, फक्त पान तापते.

आणि तापणे हाच खरा धोका आहे. पानाचे तापमान ३५ अंशांच्या वर गेले की प्रकाशसंश्लेषण झपाट्याने घसरते आणि चाळिशीच्या पुढे जवळजवळ थांबते. थेट उन्हातले पान भोवतालच्या हवेपेक्षा बरेच अंश गरम असते, सावलीतले पान मात्र हवेच्या तापमानाच्या जवळपास राहते. म्हणजे पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवा ३८ अंशांवर असताना गच्चीवरच्या उघड्या झुडपाचे पान चाळिशी केव्हाच ओलांडून गेलेले असते. ते झुडूप उन्हात उभे असते, पण त्याचे काम बंद पडलेले असते.

आसामच्या मळ्यांत चहाच्या रांगांमधून शिरीष कुळातली उंच झाडे लावलेली दिसतात आणि निलगिरी-मुन्नारकडे सिल्व्हर ओक, ती याच कारणासाठी. जोरहाटजवळच्या टोकलाई येथे १९११ मध्ये सुरू झालेल्या चहा संशोधन केंद्राने या सावलीचा दीर्घकाळ अभ्यास केला. आसामच्या उष्ण मैदानात मध्यम सावलीने पीक सुधारते. उलट केनियाच्या थंड, उंच पठारावर सावलीची झाडे पीक घटवतात, कारण तिथे पान तापतच नाही. यातून आपल्यासाठी नियम निघतो: हवा गरम असेल तेव्हा चहाला सावली द्या, हवा थंड किंवा आभाळ भरलेले असेल तेव्हा सावली काढा. पुण्यात एकाच वर्षात या दोन्ही अवस्था येतात, म्हणून इथे बाराही महिने एकच व्यवस्था चालत नाही.

उजेडाने चव कशी बदलते?

चहाच्या चवीत तीन घटक मुख्य आहेत. तुरटपणा कॅटेचिन नावाच्या द्रव्यांमुळे येतो. गोडसर, रसाळ चव थिअॅनिन या अमिनो आम्लामुळे येते. कडवटपणात आणि तरतरीत कॅफिनचा वाटा मोठा असतो.

थिअॅनिन तयार होते मुळांमध्ये. तिथून ते रसाबरोबर वर चढते आणि कोवळ्या कोंबात साठते. १९४९ मध्ये जपानी संशोधकाने ते पहिल्यांदा वेगळे केले, तेही ग्योकुरो या सावलीतल्या चहाच्या पानांतून. उन्हात असलेल्या पानात थिअॅनिन टिकत नाही. ते मोडते आणि त्यातला काही भाग कॅटेचिन घडवायला वापरला जातो. कॅटेचिन आणि त्यांच्या नात्यातली फ्लॅव्होनॉल ही द्रव्ये पानाचे तीव्र उन्हापासून आणि अतिनील किरणांपासून रक्षण करतात. त्यामुळे ऊन वाढले की झाड ती जास्त बनवते.

पानावर सावली आली की ही साखळी मंदावते. मुळांतून थिअॅनिन येतच राहते पण कमी मोडते, म्हणून साठते. कॅटेचिन कमी बनतात. थोडक्या उजेडात काम भागवण्यासाठी पान हरितद्रव्य वाढवते, म्हणून ते गडद हिरवे, मोठे आणि पातळ होते. कॅफिन मात्र सावलीने कमी होत नाही, उलट काही वेळा थोडे वाढलेले आढळते. म्हणून ‘सावलीतला चहा सौम्य, तो रात्री प्यायला हरकत नाही’ हा समज चुकीचा आहे. कॅफिन पानाच्या कोवळेपणावर जास्त अवलंबून असते. कळी आणि पहिले पान यांत ते सर्वाधिक असते.

जपानच्या उजी भागात खुडणीआधी सुमारे तीन आठवडे मळ्यावर आच्छादन घालतात. पूर्वी ते बोरूचे पडदे आणि भाताचा पेंढा असे, आता बहुतेक ठिकाणी काळे कापड असते. त्या पानांपासून ग्योकुरो होतो आणि माचाची पूडही. पुण्यातल्या कॅफेंमध्ये माचाचा जो गर्द हिरवा रंग आणि समुद्री शेवाळासारखा वास आपल्याला जाणवतो, तो या आच्छादनातूनच आलेला असतो.

मग सावलीतला चहा चांगला आणि उन्हातला कमी प्रतीचा का? मुळीच नाही. आपला दुधाचा चहा घ्या. काळा चहा बनताना पानातले कॅटेचिन हवेशी संयोग पावतात आणि त्यातून लालसर, कडक चव देणारी द्रव्ये तयार होतात. दुधातली प्रथिने तुरटपणा बांधून ठेवतात. दूध, साखर, आले, वेलची घालूनही अमृततुल्यचा चहा ‘कडक’ लागतो, कारण मुळात पानात भरपूर कॅटेचिन असतात. सावलीतले नाजूक पान त्या पातेल्यात हरवून जाईल. म्हणून दुधाच्या चहासाठी उन्हातले पान आणि बिनदुधाच्या हिरव्या चहासाठी सावलीतले पान, हे सूत्र लक्षात ठेवा.

तुमच्या गॅलरीत सूर्य कुठून येतो?

पुणे साधारण साडेअठरा उत्तर अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरच्या दुपारी सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून फक्त ४८ अंश उंच असतो. मेच्या मध्याला, १३-१४ तारखेच्या सुमारास, तो थेट डोक्यावर येतो आणि आपण शून्य सावली दिवस अनुभवतो. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य चक्क थोडा उत्तरेकडे असतो. या हिशेबाने प्रत्येक दिशेची गॅलरी वेगळी वागते.

पूर्वेची गॅलरी: चहासाठी सर्वांत उत्तम. सकाळचे कोवळे ऊन अकरा-साडेअकरापर्यंत मिळते आणि दुपारी आपोआप सावली येते.

दक्षिणेची गॅलरी: वरचा स्लॅब दहा फूट उंच असेल तर डिसेंबरच्या दुपारी ऊन सुमारे नऊ फूट आत येते. एप्रिलच्या मध्याला तेच ऊन जेमतेम दीड फूट आत शिरते. म्हणजे थंडीत भरपूर ऊन आणि उन्हाळ्यात सावली, दोन्ही आयते मिळतात. उन्हाळ्यात कुंडी कठड्यापासून दोन फूट आत सरकवली की बहुतेक काम होते.

पश्चिमेची गॅलरी: सर्वांत अवघड. हवा सर्वाधिक तापलेली असते तेव्हाच इथे ऊन येते आणि भिंत रात्रीपर्यंत उष्णता सोडत राहते. इथे मार्च ते जूनच्या सुरुवातीपर्यंत उभे शेडनेट लावावेच लागेल.

उत्तरेची गॅलरी: वर्षातला बराच काळ फक्त पसरलेला उजेड. लहान रोपे सांभाळायला आणि सावलीच्या प्रयोगाला चांगली. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत इथेही ऊन येते, याची जाणीव ठेवा.

उघडी गच्ची: उजेड मुबलक, पण फरशीची धग आणि वारा दोन्ही त्रासदायक. कुंड्या विटांवर किंवा लाकडी फळीवर ठेवा आणि सावलीसाठी कायमचा सांगाडा उभारा.

घराच्या आत चहा ठेवण्याचा विचार असेल तर आकडे पाहा. दुपारच्या थेट उन्हात सुमारे एक लाख लक्स उजेड असतो. दिवाणखान्यात ट्यूबलाइट लावून तो तीनशे ते पाचशे लक्सच भरतो. आपले डोळे जुळवून घेतात म्हणून खोली उजळ वाटते, झाडाला मात्र तो अंधारच असतो. मोबाइलवरच्या लक्स मोजणाऱ्या अॅपने अंदाज घेता येतो. सकाळी नऊ, दुपारी एक आणि चार वाजता कुंडीच्या जागी मोजून वहीत लिहा. वीस ते पन्नास हजार लक्स दिवसातले चार-पाच तास मिळत असतील तर ती जागा चहाला योग्य समजा.

शेडनेट कसे निवडावे, कसे बांधावे?

शेडनेटवर ५०, ७५, ९० असे टक्के लिहिलेले असतात. तो आकडा अडवलेल्या उजेडाचा असतो. पन्नास टक्क्यांचे नेट निम्मा उजेड आत सोडते. पुण्यातल्या उन्हाळ्यासाठी पन्नास टक्के पुरेसे आहे. पश्चिमेला किंवा उघड्या गच्चीवर आसामी प्रकार लावला असेल तर ७५ टक्क्यांचे घ्यावे.

दोन नेट एकावर एक घातली तर टक्क्यांची बेरीज होत नाही, आत येणाऱ्या उजेडाच्या हिश्श्यांचा गुणाकार होतो. पन्नासच्या दोन थरांतून चौथा हिस्सा उजेड आत येतो. पंच्याहत्तर आणि पन्नास एकत्र घातली तर आठवा हिस्सा. ही गोष्ट पुढच्या प्रयोगात उपयोगी पडेल.

नेट पानांना टेकू देऊ नका. झुडपाच्या वर किमान दीड-दोन फूट मोकळी जागा ठेवा, नाहीतर गरम हवा आत कोंडते आणि सावलीचा फायदा निघून जातो. वरून आणि पश्चिमेकडून झाका. पूर्वेची बाजू मोकळी ठेवा, म्हणजे सकाळचे ऊन मिळेल आणि हवाही खेळेल. नेट कायमचे खिळवण्यापेक्षा कड्या किंवा दोरीवर सरकते ठेवा. पुण्यात ते वर्षातून अनेकदा काढायचे आणि घालायचे असते.

पुण्यासाठी वर्षाचे वेळापत्रक

फेब्रुवारी ते मार्चचा मध्य: वर्षातला सर्वांत मोलाचा काळ. थंडीभर मुळांत साठलेले अन्न आणि थिअॅनिन नव्या कोंबांत चढते, त्यामुळे या फुटव्याची चव सर्वांत चांगली असते. सकाळी पूर्ण ऊन द्या. दुपारची सावली फेब्रुवारीच्या अखेरीपासून सुरू करा.

मार्चचा मध्य ते जूनचा पहिला आठवडा: पन्नास टक्के नेट, विशेषतः अकरा ते पाच. रोज संध्याकाळी पाणी, कुंडीवर पालापाचोळ्याचे आच्छादन. एप्रिल-मेमध्ये वाढ मंदावेल, ते स्वाभाविक आहे. या काळात खत घालून झाडाला जोर करू नका आणि जास्त खुडू नका.

जून ते सप्टेंबर: पाऊस स्थिरावला की नेट पूर्ण काढा. ढगांची सावली पुरेशी असते, त्यावर नेटची सावली पडली तर झाड उपाशी राहते. हवा दमट आणि गार असल्याने फुटवा भरभरून येतो. दर दहा-बारा दिवसांनी खुडणी करा. निंबोळी पेंड किंवा भिजवलेल्या शेंगदाणा पेंडीचे पातळ पाणी महिन्यातून एकदा द्या. चहाला नत्र लागते आणि थिअॅनिन त्यातूनच बनते.

ऑक्टोबर: पावसाळाभर ढगाखाली वाढलेली पाने कोवळी असतात. आभाळ अचानक उघडले की ती करपतात. ऑक्टोबर हीट सुरू होताच दुपारचे नेट पुन्हा लावा आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात हळूहळू काढा.

नोव्हेंबर ते जानेवारी: नेट नको. पुण्यात जूनमध्ये दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो आणि डिसेंबरात जेमतेम अकरा तासांचा. दिवस सव्वाअकरा तासांपेक्षा लहान राहण्याचा काळ सहा आठवड्यांहून लांबला तर चहा सुप्तावस्थेत जातो, हे आसामातल्या अभ्यासातून पुढे आले. पुण्यात साधारण १८ नोव्हेंबर ते २५ जानेवारी हा काळ तसा असतो, म्हणजे नऊ-दहा आठवडे. म्हणून डिसेंबरात कोंब थांबले तर घाबरू नका. चहामळ्यांत अशा थांबलेल्या टोकाला बांझी म्हणतात. या काळात खत बंद ठेवा, पाणी कमी करा आणि डिसेंबरअखेर हलकी छाटणी करा. रात्री गॅलरीतला दिवा रोपावर लावून त्याला जागे ठेवण्याचा प्रयत्न करू नका. याच विश्रांतीवर फेब्रुवारीचा फुटवा अवलंबून असतो.

छाटताना झुडूप दोन-अडीच फुटांवर सपाट राखा. खुडणीच्या पातळीखाली जुन्या, पक्क्या पानांचा चार-पाच इंचांचा थर कायम ठेवा. कोवळे कोंब स्वतः फारसे अन्न बनवत नाहीत, ही पक्की पानेच त्यांना पोसतात.

दोन कुंड्यांचा प्रयोग

तीन वर्षांच्या पुढची, निरोगी अशी दोन झुडपे हवीत. लहान रोपांवर हा प्रयोग करू नका. आणि पाने चहासाठी खुडायची असतील तर झाडावर रासायनिक फवारणी अजिबात नको. नर्सरीतून नुकत्याच आणलेल्या रोपाची पानेही पहिले काही महिने वापरू नका.

फेब्रुवारीच्या मध्याला नवे कोंब फुटून एक-दोन पाने उघडली की एका झुडपावर पाइपचा सांगाडा करून ७५ टक्क्यांचे नेट चढवा. पाच दिवसांनी त्यावर पन्नास टक्क्यांचे नेट घाला. आता आत आठवा हिस्सा उजेड येईल. आणखी आठ-नऊ दिवस असेच ठेवा. दुसरे झुडूप नेहमीच्या उन्हात राहू द्या. दोघांना पाणी आणि खत सारखेच द्या. दोन आठवड्यांनी रंगातला फरक डोळ्यांना दिसेल.

दोन्ही झुडपांचे ‘दोन पाने आणि एक कळी’ असे कोंब सकाळी खुडा आणि वेगवेगळे ठेवा. मोदकपात्रात पाणी उकळू द्या आणि पाने जाळीवर पसरून पाऊण ते एक मिनिट वाफवा. वाफेने पानातली विकरे निष्क्रिय होतात आणि हिरवा रंग टिकतो. लगेच पंख्याखाली गार करा, तळहातांनी हलके वळा आणि अगदी मंद आचेवर किंवा ओव्हनमध्ये ऐंशी-नव्वद अंशांवर कुरकुरीत होईपर्यंत वाळवा. चार-साडेचार किलो ओल्या पानांचा एक किलो चहा होतो. त्या हिशेबाने शंभर ग्रॅम कोंबांतून बावीस ते पंचवीस ग्रॅम चहा मिळेल, म्हणजे अकरा-बारा कप.

चव घेताना दोन्हींचे वजन सारखे घ्या, दोन ग्रॅम पुरे. साधारण साठ अंशांचे पाणी हवे. उकळते पाणी आणि साधे पाणी समप्रमाणात मिसळले की ते मिळते. दीडशे मिलिलिटर पाण्यात दोन मिनिटे ठेवून गाळा. सावलीतला चहा गोडसर आणि भरीव लागेल, उन्हातला तुलनेने तुरट. मग तीच पाने उकळत्या पाण्यात तीन मिनिटे ठेवा. जास्त उष्णतेने कॅटेचिन भराभर उतरतात, त्यामुळे दोघांतला तुरटपणाचा फरक आणखी स्पष्ट होईल.

उन्हातल्या झुडपाच्या पुढच्या खुड्याचा काळा चहा करून पाहा. पाने रात्रभर सुपात पसरून मलूल होऊ द्या, तळहातांनी रस सुटेपर्यंत वळा, ओल्या फडक्याखाली दीड-दोन तास ठेवा. तांबूस रंग आणि फळासारखा वास आला की ओव्हनमध्ये शंभर अंशांवर वाळवा. हा चहा दुधातही टिकतो.

प्रयोग संपल्यावर नेट एका दिवसात काढू नका. आधी वरचे पन्नास टक्क्यांचे, चार दिवसांनी एखाद्या संध्याकाळी उरलेले काढा, आणि मार्चच्या दुपारची नेहमीची सावली चालू ठेवा. दाट सावलीत झाड साठवलेल्या अन्नावर जगते. म्हणून एका झुडपावर वर्षातून एकदाच हा ताण द्या.

पाने काय सांगतात?

उन्हाकडच्या बाजूला तपकिरी, कोरडे डाग: पान करपले आहे. दुपारची सावली वाढवा. करपलेले पान लगेच तोडू नका, उरलेला हिरवा भाग अजून कामाचा आहे.

पानावर तांबूस-पितळी झाक आणि बारीक ठिपके: लाल कोळी. उघड्या, तापलेल्या आणि कोरड्या झुडपांवर तो जास्त येतो. पानांच्या दोन्ही बाजू पाण्याने धुवा आणि सावली द्या.

शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा: हा उजेडाचा दोष नाही. माती किंवा पाणी अल्कधर्मी झाल्याने झाडाला लोह मिळत नाही. सामू तपासा. थोडे हिराकस पाण्यातून द्या, पावसाचे पाणी वापरा. नुसती सावली वाढवून हे पिवळेपण जात नाही.

लांब पेरे, मोठी लिबलिबीत पाने, कोंब एकाच बाजूला झुकलेले: उजेड कमी पडतो आहे. कुंडी रोज थोडी पुढे सरकवत आठवड्याभरात उजेडात आणा.

नव्या पानांवर लालसर छटा: थंडीत किंवा जास्त उन्हात हे होते. पान मोठे होताना रंग गेला तर काही करायची गरज नाही.

चहाच्या सोबत्यांना वेगळा न्याय

पुण्यात गवती चहा दारोदारी असतो. त्याला वरचे नियम लावू नका. गवती चहा हे कडक उन्हाचे गवत आहे. सावलीत त्याची पात लांब आणि मऊ होते, वास मात्र कमी पडतो. त्याची कुंडी कठड्याला लागून, सर्वांत उन्हाच्या जागी ठेवा. तुळशीलाही ऊन हवे. आले मात्र अर्ध्या सावलीत चांगले वाढते. उन्हाच्या बाजूला गवती चहा, त्याच्या मागे चहाचे झुडूप आणि आडोशाला आले अशी रचना केली तर एका गॅलरीत तिघांनाही मनासारखा उजेड मिळतो, आणि मोठ्या झालेल्या गवती चहाची थोडी सावली चहाच्या झुडपाला आयती मिळते.

दोन-चार कुंड्यांतून घरचा रोजचा चहा निघणार नाही, आणि निघावा अशी अपेक्षाही ठेवू नका. पण रोज जो कप आपण पितो, त्यातल्या पानामागे ऊन आणि सावली यांचा किती बारीक हिशेब असतो, हे या कुंड्यांमुळे स्वतःच्या जिभेला कळेल. येत्या आठवड्यात गॅलरीतला उजेड तीन वेळा मोजा आणि वहीत लिहून ठेवा. पावसाळ्याच्या सुरुवातीला दोन रोपे आणा, त्यांना तीन वर्षे नीट वाढू द्या आणि शेडनेट सरकते ठेवा. पुण्याच्या हवेत चहा जगवण्याचा याहून भरवशाचा दुसरा मार्ग नाही.